त्या दिवशी रेंज नव्हती

करंजटेपात योगिनीला बर्फवाली हे नाव पडलं ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि पडलं ते चिकटलंच. डोळखांबच्या पुढे, एस.टी. जिथे फाट्यावर सोडून मागे वळते आणि उरलेली वाट पायांनी उरकावी लागते, तिथल्या गावाला बर्फाशी काय देणंघेणं? पण गावाला नुसतं निमित्त हवं होतं, आणि ते तिनं स्वतःच्या तोंडानं दिलं, तेही देवळाच्या भोंग्यावरून.

झालं असं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं शहापूर-मुरबाडकडच्या वीसेक गावांत हवामानताई नेमल्या होत्या. करंजटेपाच्या वाट्याला योगिनी आली, कारण गावात बारावी पास झालेली सून ती एकटीच. माहेर मुरबाडकडचं, नवरा भाविक भिवंडीच्या गोदामात कामाला, पंधरवड्यानं एकदा घरी येणारा. संस्थेनं तिला एक फोन दिला, एक रजिस्टर, एक काळा फळा आणि खडूंचा डबा. रोज संध्याकाळी घरामागच्या टेकाडावर चढायचं, कारण गावात रेंज मिळते ती तिथेच, पिंपळाच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहिलं तर. तिथे दुसऱ्या दिवसाचा अंदाज फोनवर घ्यायचा, सकाळी सातला मारुतीच्या देवळापाशी फळ्यावर लिहायचा, भोंग्यावरून वाचायचा आणि रजिस्टरात लिहून गावातल्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. सासरा कमळू पहिले पंधरा दिवस खुशीत होता. भोंगा सुरू झाला की ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, ऐका जरा, आमची सून बोलते.

मग संस्थेचा फेब्रुवारी ते एप्रिलचा एकत्र अंदाज आला. त्यात लिहिलं होतं की घाटमाथ्यावर आणि लगतच्या भागात थंडी जाता जाता पहाटेचं दव गोठण्याची शक्यता आहे, आणि पुढे मार्चअखेर ते एप्रिल विजांसह वादळी पावसाची. आता करंजटेपातून हवा स्वच्छ असली की कसाऱ्याचा घाट समोर उभा दिसतो. समोर दिसतो तो लगतचाच, असं योगिनीला वाटलं, आणि कुणालाही वाटलं असतं. तिनं भोंग्यावरून सांगितलं, आज रात्रीपासून दव गोठू शकतं, वाल आणि मिरची झाकून ठेवा.

त्या संध्याकाळी गावानं काय काय झाकलं ते विचारू नये. पेंढा झाला, ताडपत्र्या झाल्या, बायकांच्या जुन्या साड्या झाल्या. कमळूनं स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून आंब्याच्या चार कलमांवर घातली. सकाळी दव होतं ते दवच होतं, घोंगडी भिजून जड झाली होती, आणि कमळू पुढे आठ दिवस खोकत होता. योगिनीनं टेकाडावर जाऊन संस्थेला फोन केला तेव्हा कळलं की ते वाक्य घाटापलीकडच्या द्राक्षवाल्यांसाठी होतं. गावचा पोलीस पाटील हनुमान भर देवळात म्हणाला की सूनबाई, बर्फ पडला की मला एक गोळा दे, लाल सरबत घालून. त्या दिवसापासून ती बर्फवाली. पोरं भोंगा सुरू झाला की कानटोप्या घालून यायची. कमळू ओटीवरून उठून गोठ्यात जायला लागला.

योगिनी मुळूमुळू रडणारी नव्हती. चूक झाली असं तिनं भोंग्यावरूनच कबूल केलं आणि रोजचा अंदाज रोज वाचत राहिली. तिला आतून एकच गोष्ट हवी होती. आपलं सांगणं एकदा खरं व्हावं, लोकांच्या कामी यावं, आणि सासऱ्यानं पुन्हा ओटीवर बसून ऐकावं. मे महिन्यात संस्था बघणार होती की कुठल्या ताईचं गाव ऐकतं. ज्यांचं ऐकतं त्यांचं काम पुढे चालू राहणार होतं. पण त्याहीपेक्षा तिला ती ओटी महत्त्वाची होती.

एप्रिल उजाडला आणि राब भाजायचे दिवस आले. इकडे भाताची रोपं जिथे टाकायची ती जागा आधी भाजावी लागते. शेणाचा थर, त्यावर झाडांची तोडलेली कवळं, त्यावर पाचोळा, वर बारीक मातीची पाखर, आणि मग आग. राब सावकाश जळला पाहिजे, धुमसत, म्हणजे तणाचं बी मरतं आणि माती हलकी होते. म्हणून आग लावायची ती वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे ती वाऱ्याच्या उलट, पावलापावलानं सरकते. चैत्रात दुपारी वारा रोज मावळतीकडून डोंगराकडे जातो. यात कमळूचा हात गावात कुणी धरत नव्हतं. आणि राब भाजायच्या आधी पाऊस पडला तर सगळं मुसळ केरात, भिजलेला राब पेटत नाही आणि पेटला तरी भाजत नाही.

त्या दिवशीचा अंदाज तिनं आदल्या संध्याकाळी पिंपळाखाली तीन वेळा वाचला. दुपारनंतर डोंगराकडून अचानक वादळी वारा, मग विजांसह पाऊस, शक्यता चाळीस टक्के. सकाळी फळ्यावर तिनं त्याखाली आपली एक ओळ घातली, ठळक अक्षरांत: आज राब पेटवू नये, वारा फिरेल. भोंग्यावरूनही दोनदा सांगितलं. हनुमान दातात काडी घालत आला, म्हणाला की चाळीस म्हणजे थर्ड क्लासात पास, आणि न वाचताच रजिस्टरात सही ठोकली. दुसरी सही कमळूची. त्यानं मात्र वाचलं. घरी येऊन त्यानं घमेलं काढलं, कोयता काढला, आणि गुणाबाईला, आपल्या बायकोला, म्हणाला की भाकरी लवकर टाक, आज राब भाजायचा.

गंमत बघा. फेब्रुवारीपासून सुनेचा एक शब्द खरा न मानणाऱ्या माणसानं त्या दिवशी तिचा अंदाज मानला, पण अर्धाच. पाऊस मानला. त्याचे गुडघेही तेच सांगत होते आणि मुंग्याही अंडी घेऊन भिंतीवर चढल्या होत्या. पाऊस येणार तर मग आजच भाजला पाहिजे, एवढं साधं त्याचं गणित. योगिनी दारात आडवी उभी राहिली. मामा, असं ती सासऱ्याला म्हणत असे.

"मामा, पाऊस मागून येनार. आधी वारा फिरनार. आग खाली भिमीमावशीच्या घरावर जाईल."

कमळूनं कोयता कमरेच्या आकडीत अडकवला. "पाऊस सांगायचा तुजं काम. वारा मला नको सांगू. चाळीस वर्सं मी हितं राब भाजतो, तू तीन महिने फळा लिवतेस."

गुणाबाईनं तिला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे. योगिनी बाजूला झाली.

भिमी खालच्या पाड्यातली, एकटी बाई. नवरा गेलेला, मुलगी खर्डीला दिलेली. तिचं कुडाचं घर पाड्यापासून जरा तुटून, कमळूच्या शेताच्या मावळतीच्या बांधाखाली होतं, आणि घराला लागून गोठा, गोठ्यात एक गाभण गाय. योगिनी मागच्या वाटेनं तिला सांगायला गेली तर दाराला कडी. मोहाची फुलं वेचायला भिमी पहाटे चारलाच निघाली होती आणि तिथूनच ती विकायला डोळखांबच्या बाजाराला जाणार होती, असं शेजारच्या पोरीनं सांगितलं. गाय दावणीला बसून रवंथ करत होती. योगिनी तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. दावं सोडावं असं तिच्या मनात आलं, हातही गाठीकडे गेला. पण सोडलेली गाय हनुमानच्या मिरचीत शिरली असती, मग तंटा, मग पुन्हा बर्फवाली. आणि शेवटी चाळीसच टक्के. साठ टक्के काही होणार नाही असंही त्याच अंदाजात होतं. तिनं गायीपुढे पाण्याची बादली सरकवली आणि ती घरी आली.

दुपारी दोनला कमळूनं काडी लावली. वारा रोजच्यासारखा मावळतीचा, आग नेहमीसारखी शहाणी, दोन हात सरकायला घटकाभर वेळ घेणारी. गुणाबाई हिरवी डहाळी घेऊन एका कडेला, योगिनी दुसऱ्या. तीनच्या सुमाराला वारा पडला. पानही हलेना. घाटाच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालं आणि गडगडलं. कमळूनं मान वर करून पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला ते योगिनीनं पाहिलं. तिला त्या क्षणी बरं वाटलं. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला शिव्या देत होती ती त्या एका क्षणासाठी.

मग डोंगराकडून वारा आला. हळूहळू नाही आला, एकदम आला, धूळ आणि पाचोळा पुढे घालून. जी आग सरपटत होती ती उभी राहिली आणि बांधावरून खाली उतरली. तिघंही धावले, पाड्यातले धावले, हंडे आले, डहाळ्या आल्या. भिमीच्या अंगणातल्या पेंढ्याच्या गंजीनं पेट घेतला तेव्हा धूर असा होता की गोठ्याचं दार कुठे ते दिसेना. गाय दिसण्याच्या आधी तिचा आवाज ऐकू आला, आणि मग यायचा थांबला. योगिनीला दोघांनी धरून ठेवलं होतं. कमळूच्या दोन्ही हातांची कातडी गेली, तो दोनदा आत शिरायला गेला आणि दोनदा मागे ओढला गेला. वर टेकाडावर सागाच्या झाडावर वीज पडली, ती सगळ्यांनी पाहिली. अर्ध्या तासानं पाऊस आला, चांगला धो धो, आणि घर-गोठ्याच्या राखेवर पडला.

भिमी संध्याकाळी पाचच्या एस.टी.नं आली. ओल्या राखेपाशी तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. गायीच्या गळ्यातली घुंगरांची पितळी पट्टी तेवढी तिनं काठीनं उकरून काढली आणि पदराला पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येणार होते. त्याच्या आधी हनुमान कमळूच्या घरी आला. कमळू ओटीवर बसला होता, हातांना फडकी गुंडाळलेली. योगिनीनं चहा दिला तेव्हा हनुमाननं तिला बस म्हणून सांगितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तो थट्टेच्या सुरात बोलत नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. वीज पडून घर जळलं तर सरकारी मदत मिळते, भिमीला घर मिळेल. शेजाऱ्याच्या राबानं जळलं तर तिला काही मिळत नाही आणि कमळूवर केस होते. वीज तर पडलेलीच आहे, सगळ्यांनी बघितली, साग अजून काळा उभा आहे. ती तिकडे पडली की इकडे, हे पाच पंच सांगतील ते. राहता राहिला फळा. आज राब पेटवू नये असं ज्या गावात लिहिलेलं, ते गाव त्या दिवशी राब पेटवतं, आणि रजिस्टरात त्याखाली पोलीस पाटलाची सही. तलाठी खुळा नाही, तो विचारणारच.

"मग काय करू?" योगिनीनं विचारलं.

हनुमाननं कमळूकडे पाहिलं. कमळू खाली बघत म्हणाला, "बाय, त्या दिवशी रेंज नव्हती असं लिव."

बाय. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, सासऱ्यानं तिला कधी बाय म्हटलं नव्हतं. माहेरी आजा म्हणायचा. तिचा जीव नको तिथे विरघळला, आणि विरघळला याचा तिला रागही आला. ती म्हणाली की मामा, आजवर एकदाच मी खरी ठरले. हनुमान म्हणाला की तू खरी ठरलीस ते आमाला ठावं हाय ना, गावाला ठावं हाय, मग कागदाला कशाला पायजे?

ती भिमीचा विचार करत राहिली. जून किती लांब होता? दोन महिने. बाई उघड्यावर. तिनं रजिस्टरातलं पान फाडलं, त्या दोन सह्यांसकट, आणि ते कमळूच्या हातात द्यायला गेली तर त्याच्या हातांना धरता येईना. गुणाबाईनं ते घेतलं आणि चुलीत सरकवलं. नव्या पानावर योगिनीनं तारीख घालून लिहिलं: रेंज नसल्यामुळे अंदाज मिळाला नाही. खाली हनुमाननं सही केली, या वेळी वाचून. कमळूचा अंगठाही फडक्यात, म्हणून गुणाबाईचा घेतला. मग योगिनी देवळापाशी गेली. पावसानं फळ्यावरची वरची ओळ वाहून गेली होती, खालची ठळक अक्षरं मात्र शाबूत होती. तिनं ती पदरानं पुसली. ओल्या खडूचा पांढरा डाग पदरावर राहिला.

पंचनामा झाला. तलाठ्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. पाच पंचांनी वीज पाहिली. भिमीलाही हनुमाननं आधीच समजावून ठेवलं होतं, राबाचं बोलायचं नाही, घर मिळेल, आणि ती हो म्हणाली होती. तिला एवढंच ठाऊक होतं की वारा अवचित फिरला आणि कमळूचा इलाज चालला नाही.

योगिनीला वाटलं होतं, कागदावर काही का असेना, गाव जाणतं. आठवडाभर जाणत होतं. विहिरीवर बायका तिला जागा करून द्यायच्या. पण खोटं पाचदहा वेळा सांगावं लागलं, तलाठ्यांना, पेपरवाल्याला, पाव्हण्यारावळ्यांना, आणि सांगता सांगता ते त्यांच्या तोंडात बसलं. ज्यांनी भोंगा ऐकला होता तेच आता म्हणायला लागले की बघा, बर्फ पडनार म्हनून सांगायला रेंज होती, आणि नेमकी त्या दिवशी नाय. हे कुणी तिला चिडवायला बोलत नव्हतं, हळहळून बोलत होतं. हनुमानसुद्धा. तिनं एकदा त्याच्याकडे टक लावून पाहिलं तर त्याच्या डोळ्यांत काही सापडलं नाही. तो खरोखरच विसरला होता.

मे महिन्यात संस्थेचा माणूस आला. रजिस्टर चाळता चाळता त्या पानावर थांबला. त्यानं स्वतःच्या फोनवर पाहिलं, संस्थेकडून अंदाज पाठवलेला होता. नेमका याच दिवशी तुम्ही टेकाडावर गेला नाहीत का, असं त्यानं विचारलं. योगिनी म्हणाली, गेले होते, आला नाही. त्यानं मान हलवली. अशा एका दिवसासाठीच तर हे सगळं असतं ताई, असं तो म्हणाला आणि तेही समजुतीच्या सुरात म्हणाला. फोन, रजिस्टर आणि उरलेले खडू तो घेऊन गेला. फळा देवळापाशीच राहिला, त्यावर आता क्रिकेटचे सामने लिहितात.

मदत यायला वेळ लागणार होता, म्हणून जूनच्या आधी गावानं भिमीला जुन्याच जागी तात्पुरतं घर उभं करून द्यायचं ठरवलं. कमळूनं स्वतःच्या रानातले वासे दिले, बांबू दिले, कुडाच्या भिंतींना कारवीच्या काठ्या दिल्या. हातांवर नवी गुलाबी कातडी आली होती, बोटं नीट मिटत नव्हती, तरी तो रोज जायचा. योगिनी कारवीच्या मोळ्या वाहायची आणि त्याला दोऱ्या काढून द्यायची. भिमी सगळ्यांना चहा करून घालायची. पितळी पट्टी तिनं मधल्या खांबाला टांगली होती.

शेवटची भिंत बांधायची राहिली होती. भिमी चहाचा पेला घेऊन योगिनीजवळ आली आणि खाली बसली. कमळू पाठमोरा, कारवी आवळत होता.

"तू मनाला लावून घेऊ नको गो," भिमी म्हणाली. "लोकं बोलतात, तिला कळलंच नाय म्हनून. रेंज नसली तर तू काय करशील? मी समद्यांना सांगते. कमळूदादाला ठावं असतं वारा फिरनार, तर त्यानं काडी लावली असती का? आन् तुला ठावं असतं, तर तू येऊन माज्या गायीचं दावं सोडलं असतंस. मला ठावं हाय ना तू कशी हायस ती."

योगिनीनं पेला खाली ठेवला. तिच्या हाताला ती गाठ आठवली, सुताची, मऊ, एका ओढीत सुटली असती अशी. तिनं कमळूकडे पाहिलं. त्याचा हात थांबला होता. ती वाट बघत राहिली. आत्ता तो वळेल, आत्ता एक शब्द बोलेल, निदान या बाईपुढे तरी.

"रेंज नव्हती तिला," कमळू भिंतीकडे तोंड करून म्हणाला आणि दोरीसाठी हात मागे केला.

योगिनीनं दोरी त्याच्या हातात दिली.